गोरोबाच्या अंगठ्याचं नख

मित्रांनो, माझ्या जबड्याला आता गंज चढला आहे आणि लाल मुठींचं रबर तडकलं आहे. तरीही तुम्ही मला ओळखाल. मी वायरमनची पक्कड. लोहारा तालुक्यातल्या एका गावात, गोरोबा वायरमनच्या घरी, पत्र्याच्या डब्यात मी पडून असते.

कारखान्यातला जन्म मला धड आठवत नाही. आठवतं ते उमरग्याचं दुकान. गोरोबा तेव्हा नुकताच कामाला लागला होता. त्यानं मला चार वेळा उघडून-मिटून पाहिलं आणि दुकानदाराला म्हणाला, "हीच द्या. हातात कशी बसती बघा." त्या दिवसापासून बावीस वर्षं मी त्याच्या कमरेला होते. वाऱ्यात तार तुटली की गावची गिरणी थांबायची, विहिरीवरच्या मोटारी थांबायच्या, आणि लोक म्हणायचे, "गोरोबाला बोलवा." तो सरसर खांबावर चढायचा. काम झालं की मला फडक्यानं पुसून मगच पाणी प्यायचा. कुणी शाबासकी दिली, तर माझ्यावर थाप मारून म्हणायचा, "हिचं काम हाय समदं."

दिवसभर त्याच्या पायात रबरी बूट असायचे. पावसाळ्यात आत पाणी, उन्हाळ्यात घाम. त्यात त्याला साखरेचा आजार निघाला. मग उजव्या अंगठ्याचं नख पिवळं पडलं, जाड झालं, कडेनं त्याचा भुगा पडू लागला. त्याची बायको उमादेवी त्याला बळंच उमरग्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. मी कमरेलाच होते, म्हणून डॉक्टरांचं बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं.

"नखात बुरशी झालीय," ते म्हणाले. "हे औषध रोज लावा. पाय कोरडे ठेवा, बूट उन्हात वाळवा. नख महिन्याला ज्वारीच्या दाण्याच्या अर्ध्याएवढंसुद्धा वाढत नाही. तेव्हा वर्ष-दीड वर्ष धीर धरा. आणि तुम्हाला साखर आहे, पायाला दुखलेलं कळत नाही. स्वतः कापाकापी अजिबात करू नका."

तेव्हापासून रोज संध्याकाळी उमादेवी त्याचा पाय मांडीवर घ्यायची, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायची आणि औषध लावायची. गोरोबा अवघडून जायचा.

"पायाला हात नगं लावू गं."

"गप बसा. खांबावर चढायला भेत न्हाय, अन् इथं लाजता व्हय?"

सात महिन्यांनी नखाच्या मुळाशी गुलाबी रेघ दिसली. नवं नख येत होतं. उमादेवीनं लेकीला, हर्षालीला, हाक मारून ते दाखवलं. तिघंही त्या रेघेकडं बघून हसली. त्या घरातलं तेवढं हसणं मी नंतर पाहिलं नाही.

हर्षालीला स्थळं येऊ लागली होती. पहिले पाहुणे आले तेव्हा गोरोबा अनवाणी पायांनी पंगतीत भाकरी वाढत होता. मुलाच्या मामाची नजर त्याच्या अंगठ्यावर गेली. त्यानं ताट मागं ओढलं.

"हे काय झालंय हो? घरात आणखी कुणाला हाय का?"

गोरोबा भाकरी हातात घेऊन तसाच उभा राहिला. त्या पाहुण्यांचा पुन्हा निरोप आला नाही. कारण काय असेल ते असो, पण हर्षालीनं ते त्या नखाशीच जोडलं. चार दिवसांनी ती बापाला म्हणाली, "आण्णा, पुढच्या बारीला तुमी पाहुण्यांपुढं येऊ नका."

रागात बोलली पोरगी, आणि लगेच आत निघून गेली. गोरोबा एवढंच म्हणाला, "बरं, बाई."

पुढच्या महिन्यात दुसरं स्थळ येणार होतं. पाहुणे यायला तीन दिवस होते. दुपारी घरात कुणी नव्हतं. गोरोबा ओसरीसमोरच्या हौदाच्या कट्ट्यावर बसला आणि त्यानं मला कमरेवरून काढलं. मला वाटलं, एखादी तार कापायची असेल. "हे नखच नसलं तर पोरीची अडचण ऱ्हाणार न्हाय," असं पुटपुटत त्यानं माझ्या जबड्यात ते नख धरलं.

मित्रांनो, मी लोखंडाची. मुठी दाबल्या की माझा जबडा मिटतो. त्यानं एक हिसका दिला आणि अख्खं नख निघालं. मुळाशी आलेली ती गुलाबी रेघही त्याच्याबरोबर गेली. रक्ताची धार लागली, पण गोरोबाच्या तोंडून साधं 'आई गं'सुद्धा आलं नाही. "दुखलं बी न्हाय की!" तो स्वतःशीच म्हणाला. दुखलं असतं तर तो थांबला असता. त्यानं हळद दाबली, चिंधी बांधली आणि वरून मोजे चढवले. मला तो हौदावरच विसरला.

रविवारी पाहुणे आले. मुलगा शिवराज, त्याची आई आणि वडील रामहरी. मोजे घातलेला गोरोबा पुढं येऊन बसला, मनमोकळं बोलला. हर्षाली चहा घेऊन आली आणि बापाला तिथं बघून हलकंसं हसली.

बुधवारी तो तापानं फणफणला. उमादेवीनं मोजा ओढला, तर अंगठा सुजून काळानिळा पडला होता. उमरग्याच्या डॉक्टरांनी लगेच सोलापूरला पाठवलं. पुढचं मी उमादेवीच्या तोंडून ऐकलं. विष वर चढलं होतं. घोट्याच्या वरून पाय काढावा लागला. त्याच दिवशी शिवराजच्या घरून होकाराचा फोन आला. हर्षालीनं ऐकून घेतलं आणि फोन आईच्या हातात दिला.

कपडे न्यायला घरी आलेल्या उमादेवीला मी हौदावर दिसले, रक्त वाळलेली. तिनं मला ओसरीवरच्या पत्र्याच्या डब्यात टाकलं. मी तिला दोष देत नाही.

गोरोबा घरी आला, तेव्हा रामहरी भेटायला आले. त्यांनी विचारलं, "असं कसं झालं हो?" गोरोबानं काहीतरी सांगून वेळ मारून नेली असती, पण दारात उभी असलेली हर्षालीच बोलली. आपण पाहुण्यांपुढं येऊ नका म्हटलेलं, आण्णांनी नख उपटलेलं, सगळं तिनं सांगितलं. खाली मान घालून, रडत.

रामहरी खाली वाकले. त्यांनी स्वतःचे मोजे काढले. दोन्ही अंगठ्यांची नखं पिवळी, जाड, कडेनं भुगा पडलेली.

"त्या रविवारी म्या बी मोजे घालूनच आलतो," ते म्हणाले. "म्हणलं, तुमी काय म्हणताल."

गोरोबा त्या नखांकडं बघत राहिला आणि मग ओक्साबोक्शी रडला. पाय गेला तेव्हाही तो रडला नव्हता.

हर्षाली आत गेली. औषधाची अर्धी उरलेली बाटली तिनं रामहरींना दाखवली. "काका, डॉक्टरांना दाखवून असलं औषध घ्या. वर्ष लागतं. कुणी काही म्हणलं तरी घाई करू नका."

आता गोरोबा खांबावर चढत नाही. वारं सुटलं की ओसरीवर बसून तारांकडं बघतो. मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात कुणी पाय झाकून बसत असेल, तर त्याला हसू नका, त्याच्यापासून ताट ओढू नका. जवळ बसा, मोजा काढायला सांगा. आणि त्याचं नख बरं व्हायला वर्ष लागत असेल, तर ते वर्ष त्याला द्या.