तारामतीबाईंची वही

छप्पन सालच्या भादव्यात हैदराबादच्या त्या कचेरीत कामापेक्षा बोलणंच जास्त चालायचं, आणि बोलण्याचा विषय एकच असायचा. पहिल्या नोव्हेंबरला राज्याचे तुकडे पडणार, तर कोण कुणाच्या वाट्याला जाणार? आबकारी खात्यातल्या मराठी बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांचे डोळे मुंबई राज्याकडे लागलेले होते. भाषांतरकार भिवाजी त्यांतलाच एक. त्याची आई कोंडाबाई नांदेडच्या बाजूला एका खेड्यात एकटी राहत होती. मराठवाड्यात नेमणूक मिळाली असती, तर आठवड्याला तरी तिच्याकडे जाता आलं असतं.

भिवाजीच्या घरात टेबलाशी बसून नोकरी करणारा तो पहिलाच. शाळेत उर्दू शिकला, इंग्रजी पुढे स्वतःच्या हिमतीवर. आबकारीचे जुने उर्दू नियम मराठीत आणायचं काम त्याच्याकडे होतं. अफू, गांजा, चरस, भांग, शिंदी, सगळ्यांचे कायदे त्याला तोंडपाठ झाले होते, पण यांतल्या एकाचीही चव त्याला माहीत नव्हती. दसऱ्याला कोंडाबाई गावातल्या लोकांबरोबर नागपूरला जाऊन बौद्ध धर्माची दीक्षा घेणार होती. यानेही जायचं ठरवलं होतं. तेवढ्यात ती वही त्याच्या टेबलावर आली.

झालं असं होतं. शहरातल्या एका इस्पितळातले डॉक्टर एकनाथराव एका विधवा बाईला कसला तरी अंमली पदार्थ पाजून तिच्याकडून चित्रं काढून घेतात, असं एक निनावी पत्र कचेरीत आलं. एकनाथराव मनाच्या आजारांचे डॉक्टर. विलायतेत चार वर्षं राहून आलेले. कुठल्याशा परमुलखातल्या निवडुंगापासून काढलेली पांढरी पूड त्यांनी तिकडून आणली होती. ती पाण्यातून घेतली की शहाण्या माणसालाही दिवसभर भलतंच काही दिसू लागतं, असं त्यांचं म्हणणं. आपले रोगी काय बघतात हे त्यांना समजून घ्यायचं होतं, पण रोग्याला ते धड सांगता येत नाही. म्हणून त्यांना बघणारा आणि बघितलेलं नेमकं सांगणारा असा कुणीतरी निरोगी माणूस हवा होता. त्यांनी निवडलं तारामतीबाईंना.

तारामतीबाई बेचाळिशीच्या. भाऊ हिम्मतराव यांचं बेगम बाजारात मसाल्याचं ठोक दुकान, आणि राहणं बरकतपुऱ्यात भावाच्याच घरी. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. गेली पंधरा वर्षं त्या त्याच इस्पितळात वैद्यकीच्या विद्यार्थ्यांसाठी चित्रं काढत होत्या. काळीज, आतडी, डोळ्याचा आडवा छेद, आईच्या पोटातलं पोर. टेबलावर उघडं शरीर ठेवलेलं असायचं आणि या शेजारी स्टुलावर बसून तासन् तास रेघा ओढायच्या. आपल्या मनाचं काही चित्रात घालायचं नाही, हाच त्यांचा धंदा आणि हाच स्वभाव. उन्हाळ्यात तीन रविवारी त्यांनी ती पूड घेतली. सकाळी आठला पेला, मग दर अर्ध्या तासाने आपल्याच डाव्या हाताचं एक चित्र आणि त्याखाली जे वाटलं, जे दिसलं ते. चित्रांसकट ती वही चौकशीसाठी जप्त झाली. वही मराठीत होती आणि चौकशी समितीचं कागदोपत्री काम इंग्रजीत. म्हणून ती भिवाजीकडे आली.

वरिष्ठ मुकुंदरावांनी ती त्याच्यापुढे टाकली आणि म्हणाले, की ऑक्टोबरअखेरपर्यंत प्रकरण मिटलं पाहिजे, नव्या सरकारकडे असली लफडी पाठवायची नाहीत. मुकुंदराव वाईट माणूस नव्हते. त्यांना नव्या नेमणुकीवर मागे काही लचांड न ठेवता जायचं होतं, इतकंच.

भिवाजीने वही उघडली ती जराशा किळसेनेच. पाऊण तासाने शिपाई चहा ठेवून गेला, तो तसाच निवला.

पहिला हात अगदी पुस्तकातला होता. शिरा, सांधे, नखांच्या कडा. चौथ्या चित्रात तळव्यावरच्या रेघा वाहू लागल्या होत्या, जशी उंचावरून नदी दिसावी आणि तिला फाटे फुटावेत. सातव्यात कातडीखालून मोरपिशी उजेड वर येत होता आणि बोटांच्या टोकांशी तो हवेत मिसळून गेला होता. पण भिवाजीने निरखून पाहिलं: पेरं जागच्या जागी होती. अंगठ्याचा सांधा बरोबर तिथेच. हात जळत होता, वाहत होता, तरी तो एका विशिष्ट बाईचाच डावा हात होता. एवढ्या वादळात या बाईने पेन्सिल सोडली नाही, हे त्याच्या लक्षात आलं आणि तो थक्क झाला.

लिखाणही तसंच. ‘दहा वाजता उलटी झाली. पित्ताची.’ ‘बाहेर टांगा गेला. टापांचा आवाज पिवळा होता. पिवळा म्हणजे हळदीसारखा नव्हे, जुन्या हस्तिदंतासारखा.’ ‘खिडकीच्या पडद्याची चुणी इतकी सुंदर असू शकते हे मला बेचाळीस वर्षांत कुणी सांगितलं नाही.’ आणि दुसऱ्या रविवारी दुपारी, अक्षर वेडंवाकडं झालेलं असताना: ‘नशा चढली आहे. खोटं कशाला लिहू?’

तिसऱ्या रविवारचं वाचताना मात्र त्याला थांबावं लागलं. त्या दिवशी बाई घाबरल्या होत्या. दोन तास त्यांना भिंती श्वास घेताना दिसत होत्या, आणि आपण आता परत येणार नाही असं वाटत होतं. मग ओळ होती: ‘हे दिसतील असं मला वाटलं होतं. त्यासाठीच मी तिसऱ्यांदा कबूल झाले. हे दिसले नाहीत. दिसले असं लिहावंसं फार वाटतंय, पण दिसले नाहीत.’

भिवाजीने कायद्याच्या भाषेतले हजारो जबाब वाचले होते. बघितलेलं नाकारणारे आणि न बघितलेलं शपथेवर सांगणारे. स्वतःच्या मनाविरुद्ध साक्ष देणारं माणूस त्याला पहिल्यांदाच भेटत होतं.

काही पानं वाचताच येत नव्हती, म्हणून मुकुंदरावांनी त्याला बाईंकडे बसून ती लावून घ्यायला सांगितलं. तो इस्पितळात गेला तेव्हा त्या एका मूत्रपिंडाचं चित्र पुरं करत होत्या. त्यांनी त्याला समोरची खुर्ची दिली, हात पुसले आणि न कुरकुरता एकेक ओळ वाचून दाखवली. आपलं सर्वांत खाजगी लिखाण एका परक्या कारकुनाला वाचून दाखवताना त्यांचा आवाज कुठे चढला नाही, कुठे उतरला नाही. नवऱ्याच्या ओळीशी फक्त त्यांनी पाण्याचा घोट घेतला.

भाषांतराच्या मसुद्यात एका जागी त्याने कोरी रेघ सोडली होती. ती बाईंना दिसली.

‘‘इथे काय राहिलं?’’

भिवाजीने सांगितलं. जुन्या कायद्यात शब्द आहे नशाआवर, म्हणजे नशा आणणारं. तुम्ही स्वतःच्या हाताने नशा लिहिलंय. त्या एका शब्दावर डॉक्टरांवर आणि तुमच्यावर प्रकरण उभं राहू शकतं. मराठीत त्याला तंद्रीही म्हणता येतं, कैफही म्हणता येतं. इंग्रजीत त्याला जवळचा, सौम्य शब्द घातला तर कुणाला कळणार नाही.

तारामतीबाईंनी समोरचं चित्र त्याच्याकडे फिरवलं. ‘‘या मूत्रपिंडावर एक गाठ आहे. चित्र वाईट दिसतं म्हणून मी ती वगळली, तर उद्या पोरं सुरी कुठे चालवतील?’’

‘‘बाई, तुमची नोकरी जाईल.’’

‘‘जाईल कदाचित. शब्द आहे तोच घाला, भिवाजीराव. तुमचं काम तुम्ही नीट करा, माझं मी केलंय.’’

त्याने तोच शब्द घातला. पण घरी जाताना ‘तुमचं काम तुम्ही नीट करा’ हे वाक्य त्याच्या मागे लागलं. आपलं काम नेमकं काय? दुसऱ्या दिवशी त्याने जुना उर्दू कायदा पुन्हा काढला आणि यावेळी भाषांतरासाठी नव्हे, तर समजण्यासाठी वाचला. पदार्थांची यादी होती, तीत ही पूड नव्हती; असणार कुठून, कायदा झाला तेव्हा तिचं नावही इकडे कुणी ऐकलं नव्हतं. यादीच्या शेवटी ‘आणि सरकार जाहीर करील ते इतर नशाआवर पदार्थ’ असं एक वाक्य होतं. लोक ‘नशाआवर’पाशी थांबत होते. ‘जाहीर करील’ हे कुणी वाचत नव्हतं. सरकारने काहीही जाहीर केलेलं नव्हतं. म्हणजे बाईंना नशा चढली होती हे सोळा आणे खरं असूनही गुन्हा घडला नव्हता.

त्याने एका पानाचं टिपण लिहिलं आणि भाषांतराला जोडलं.

मुकुंदरावांनी ते वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. भाषांतरकाराने कायद्यावर मत द्यायचं नसतं, हे त्यांनी शांतपणे समजावलं. मग म्हणाले, नेमणुकांची यादी अजून माझ्या हातून जायची आहे. टिपण काढून घ्या.

भिवाजीला आईची आठवण आली. तिने परवाच नागपूरहून आल्यावर पत्र लिहवून घेतलं होतं. कामापायी याचं जाणं राहून गेलं होतं. पत्रात तिने फार काही सांगितलं नव्हतं. इतकंच, की लाखो माणसं होती आणि कुणी कुणाला ढकललं नाही, आणि आता मान खाली घालून चालायची सवय मोडायला पाहिजे.

‘‘राहू द्या साहेब,’’ तो म्हणाला. 

चौकशीला तीन अधिकारी बसले. भिवाजी कोपऱ्यात दुभाष्या म्हणून. तारामतीबाई पांढऱ्या नऊवारीत आल्या, कागद न घेता. डॉक्टरांनी तुम्हाला फसवलं का, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या की नाही, उलटी होईल, भीती वाटेल हे त्यांनी आधी सांगितलं होतं. मग म्हणाल्या, की भीतीचं मात्र त्यांनी कमी सांगितलं. एकनाथरावांनी मान खाली घातली.

मधल्या अधिकाऱ्याने, म्हणजे आबकारीचे अधीक्षक असलेल्या म्हाताऱ्या मोहतमिमसाहेबांनी, हातांची चित्रं बराच वेळ उलटीसुलटी पाहिली. ‘‘बीबी, और लेंगे क्या ये दवा?’’ त्यांनी विचारलं.

‘‘नाही साहेब. त्या दिवसांत जे पाहिलं, ते शुद्धीत राहून काढायला मला दहा वर्षं लागतील. आता हाताला काम आहे, औषधाला नाही.’’

भिवाजीने ते उर्दूत सांगितलं. एकही शब्द वर नाही, एकही खाली नाही. आयुष्यात इतकं चांगलं भाषांतर आपण पुन्हा केलं नाही, असं तो पुढे म्हणायचा.

मोहतमिमसाहेबांनी मग जोडलेलं टिपण मोठ्याने वाचलं आणि ‘जाहीर करील’ या शब्दांखाली लाल रेघ ओढली. गुन्हा शाबीत होत नाही, असा शेरा पडला. उरलेली पूड सरकारजमा झाली. डॉक्टरांनी लेखी मंजुरीशिवाय पुन्हा असं काही करायचं नाही, असं ठरलं, आणि त्यांनी ते न भांडता मान्य केलं. वही बाईंना परत मिळाली.

पण फुकट काहीच सुटलं नाही. इस्पितळाने बोभाटा नको म्हणून तारामतीबाईंना वर्षअखेरीस कामावरून कमी केलं. आणि नेमणुकांची यादी लागली तेव्हा भिवाजीचं नाव मराठवाड्यात नव्हतं. तो हैदराबादेतच राहिला, नव्या राज्यात, जिथे त्याच्या मराठी भाषांतरांची आता कुणाला गरज नव्हती. त्याला आवक-जावक टेबलावर बसवलं. डिसेंबरात तो कोंडाबाईला घेऊन आला आणि काचीगुड्याजवळ एक खोली भाड्याने घेतली.

नव्या वर्षात एके दिवशी तारामतीबाईंचा निरोप आला. त्यांना एक पुस्तक करायचं होतं. खेड्यापाड्यातल्या सुइणींसाठी, मराठीत, बाईच्या शरीराच्या चित्रांचं. चित्रं त्या काढणार होत्या, शब्द त्याने लिहावेत. इंग्रजी नावांवरून बनवलेले जड शब्द नकोत, बायका वापरतात तेच हवेत, अशी त्यांची अट होती.

भिवाजीने तिथल्या तिथे कबूल केलं, की हे शब्द मला येत नाहीत, पण माझ्या आईला येतात. तिने गावात तीसेक वर्षं बाळंतपणं केली आहेत.

पुढच्या रविवारी सकाळी तो कोंडाबाईला बरकतपुऱ्याला घेऊन गेला. हिम्मतरावांनी दार उघडलं. तारामतीबाईंनी पुढे येऊन कोंडाबाईचा हात धरला, तिला आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं आणि मोठं चित्र समोर ठेवलं. पिशवी, तिला आतून चिकटलेली वार, वारेतून निघालेली नाळ, आत गुंडाळी करून झोपलेलं मूल. चार दिवसांचं काम होतं ते. मुलाच्या पापणीवरची रेघसुद्धा दिसत होती.  कोंडाबाईने बोट कागदाला न लावता वरून फिरवलं आणि एकेक नाव सांगितलं. भिवाजी लिहून घेत गेला.

‘‘लई ब्येस काढलंय,’’ शेवटी ती म्हणाली. ‘‘पर बाई, वार इतकी खाली नसती. इतकी खाली असली तर बाळाच्या आदी रगत येतं. बाई वाचत न्हाई.’’

भिवाजीला वाटलं, आता बाई सांगतील की पंधरा वर्षं मी टेबलावर दिसतं तेच काढते आहे. तारामतीबाई चित्रावर वाकल्या. त्यांनी ते इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. मग रबर उचललं.

‘‘किती वर घेऊ?’’ त्यांनी विचारलं, आणि पेन्सिल कोंडाबाईच्या हातात दिली.