तांबड्या माशाचं इंजिन

आमच्या गावाने एक मोटार बनवली होती म्हटलं की नातवंडं हसतात. हसू देत. अठ्ठावन्न साली ज्याच्या हातात हातोडा होता तो मोटार बनवायला निघाला होता. कुठे ट्रॅक्टरच्या कारखान्यात, कुठे सायकलच्या. आमच्या दुरुस्ती कारखान्याच्या मोटारीचं नाव ‘तांबडा मासा’. मासा धबधबा चढून गेला की ड्रॅगन होतो म्हणतात, म्हणून. आमचा काही झाला नाही. ती एकच गाडी निघाली आणि आता तिचं नावही कुणाला आठवत नाही.

माझा नवरा तान माओलिन पत्र्याच्या कामातला मिस्त्री. तेलाची पिंपं कापून, सिमेंटच्या साच्यावर ठोकून ठोकून त्याने गाडीचं अंग घडवलं. खड्डे बुजवायला पुट्टी भरायचं काम माझ्याकडे. गाडीत पत्रा कमी नि पुट्टी जास्त, असं मी चिडवलं, की तो म्हणायचा, आधी तुझ्या तोंडावरची पूस.

नमुना म्हणून दवाखान्याची परदेशी गाडी आणून खोलली होती. आमच्या दवाखान्यात साधी दुखणी बघत. अडलेलं काही असलं की डॉक्टर युआनबाई त्या गाडीतून पेशंट जिल्ह्याला धाडायच्या. गाडी देताना त्यांनी एकच विचारलं होतं, परत कधी मिळेल? तान म्हणाला, ‘पंधरवड्यात.’

पंधरवडा कधीच उलटून गेला. गाडीचं अंग झालं, दारं बसली, इंजिन मात्र होईना. गावच्या भट्टीतलं लोखंड ते, पाणी घातलं की चहूबाजूंनी पाझरायचं. आणि राष्ट्रीय दिनाआधी मोटार जिल्ह्याला नेऊन काम फत्ते झाल्याची शुभवार्ता द्यायची असं पक्षाचा सेक्रेटरी छ्यू याने वर कळवूनही टाकलं होतं. सगळे हात चोळत बसले होते. शेवटी तानच म्हणाला, दवाखान्याचं इंजिन बसवू, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. सेक्रेटरी हो म्हणाला नाही की नाही म्हणाला नाही, नुसती त्याची पाठ थोपटली. उद्या विचारलं तर मी कुठे काय बोललो होतो, असा तो माणूस.

त्या सकाळी गाडीला लाल रेशीम बांधलं. वेशीपर्यंत ढोलताशे आले आणि तिथून गाडी एकटी निघाली. तान चालवायला, शेजारी सेक्रेटरी मांडीवर शुभवार्तेचा भलामोठा लाल कागद धरून, मागे बायकांची प्रतिनिधी म्हणून मी आणि माझ्यापेक्षा जाड एक ढोल. इंजिन लोण्यासारखं चाललं होतं. चालणारच. तान गात होता, मीही सूर धरला.

बाजरीच्या शेतांजवळ पुढे चार माणसं दिसली. खांद्यावर दाराची फळी, फळीवर गोधडी पांघरलेलं कुणीतरी. हॉर्न ऐकून ती रस्त्याकडेला सरकली. शुभवार्तेची गाडी दिसली की थांबून टाळ्या वाजवायच्या, ही तेव्हाची रीतच होती, न वाजवणाऱ्याकडे लोक वळून बघत. चौघांनी फळी कापल्या बाजरीच्या खुंटांवर टेकवली आणि टाळ्या वाजवल्या. आम्ही हात हलवत पुढे गेलो.

माझा हात मध्येच थांबला. ‘अरे,’ मी म्हणाले, ‘तो लोउ होता.’

लोउ आमच्या गल्लीतला तोफूवाला. लग्नाला नऊ वर्षं होऊन आता कुठे त्याच्या बायकोला दिवस गेले होते. मूल झालं की अंडी लाल रंगवून घरोघर वाटायची असतात. त्याने महिनाभर स्वतः अंडं तोंडात घातलं नव्हतं. टोपली भरत आली, असं तो रोज सांगायचा आणि आम्ही त्याला रोज हसायचो.

तानने गाणं थांबवलं. तरी गाडी थांबेपर्यंत दोन शेतं मागे पडली. ती दोन शेतं त्याच्या मानगुटीवर पुढे जन्मभर बसली.

‘शुभवार्तेच्या गाडीत अडलेली बाई?’ सेक्रेटरी म्हणाला. ‘डोकं ठिकाणावर आहे का, मिस्त्री?’

‘उतरा,’ तान म्हणाला. ‘कागद घेऊन उतरा. ढोल पण घ्या.’

गाडी मागे वळवून आम्ही लोउच्या बायकोला मागच्या सीटवर घेतलं. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. लोउ पुढे बसला आणि वाटभर तानचे आभार मानत राहिला. पहाटे दवाखान्यात गेलो तर गाडी जागेवर नव्हती, म्हणून चालत निघालो, देवासारखे भेटलात, म्हणाला. तानने गाडीचा वेग वाढवला.

बाई वाचली. मूल नाही. थोडं आधी आणायला हवं होतं, एवढंच जिल्ह्याचे डॉक्टर म्हणाले.

सेक्रेटरी भारी चलाख. मोटारीने पहिल्याच फेरीत एका आईचा जीव वाचवला, असं त्याने वर कळवलं. सभा झाली, तानच्या छातीवर कागदाचं लाल फूल लागलं. तो लाकडासारखा उभा होता. दुसऱ्या दिवशी कुणाला न विचारता त्याने इंजिन काढायला घेतलं.

तो बोल्ट सोडवत असताना लोउ आला. हातात तीच टोपली. अंडी पांढरी होती.

‘घरात नुसती बघवत नाहीत,’ तो म्हणाला. ‘तुम्ही होतात म्हणून ती तरी राहिली. घ्या.’

तानने पाना खाली ठेवला. ‘लोउ, हे इंजिन दवाखान्याच्या गाडीचं आहे. मीच काढून यात बसवलं होतं.’

लोउ त्या उघड्या बॉनेटकडे बघत राहिला. मला वाटलं, आता हा अंगावर जाईल. जायला हवा होता.

‘आम्ही टाळ्या वाजवल्या, मिस्त्री,’ तो म्हणाला. एवढंच, आणि निघून गेला.

टोपली तिथेच राहिली. ती परत नेली असती तर बरं झालं असतं, असं तान अखेरपर्यंत म्हणत होता.