ताटाची डावी बाजू

डबा उघडायच्या आधीच मालोजींनी व्याह्यांना आपल्या उजव्या हाताला बसवून घेतलं. साक्षीदार कसा डोळ्यांसमोर हवा. धोंडीराम भिसेगावातून मुद्दाम आले होते, मालोजींनी फोन करून बोलावलं म्हणून. सून भाग्यश्री ही त्यांची लेक. पोशीरहून सासऱ्याला रिक्षाने कर्जतच्या या उपचार केंद्रात आणायचं काम तिचंच.

दिवाळीनंतर मालोजी भाताच्या भाऱ्यांच्या उंच उडवीवरून डोक्यावर पडले. जीव वाचला, डावा हात लुळा पडला. आणि तेव्हापासून, त्यांच्या मते, घरात कुठेतरी पाणी मुरत होतं. उभा जन्म त्यांनी गावच्या लग्नांत पंगती वाढल्या होत्या. पानाच्या डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी पडल्याशिवाय भाताचं घमेलं पुढे सरकू दिलं नव्हतं. अशा माणसाला सून रोज अर्धंच ताट वाढत होती. मुलगा प्रवीण म्हणे, सगळं वाढलंय की. तो तर बायकोच्या ताटाखालचं मांजर, असं मालोजींनी ठरवून टाकलं. सून हल्ली समोर यायचंही टाळते, हेही त्यांच्या लक्षात आलं होतं. आज सोक्षमोक्ष लावायचा. पोरगी सुधारेल, नाहीतर माहेरी जाईल.

उपचार करणाऱ्या रियाने आज घरचं जेवण आणि रोजचं ताट इथेच आणायला सांगितलं होतं, म्हणजे मालोजींच्या मनासारखंच झालं. ताट पुढ्यात आलं. भात होता, भाजी होती, आमटी होती.

"बघा व्याही," मालोजी म्हणाले, "डावी बाजू कोरी. कुत्र्यालाबी कुनी असं वाढत नाय."

धोंडीराम एकदा ताटाकडे आणि एकदा व्याह्यांकडे बघत राहिले. रियाने ताट फिरवलं. लिंबाची फोड, सुकटीची चटणी आणि मीठ उजवीकडे आलं.

मालोजी खवळले. या पोरींचं आतून संगनमत आहे, हे आत्ता ठेवलंय, म्हणाले. त्यांनी स्वतः ताट परत फिरवलं. चटणी गेली, भाजी आली. रिया समजावू लागली, डोळे चांगले आहेत, पण मार बसल्यापासून मेंदू डावीकडचं जमेतच धरत नाही. मालोजींना त्यातलं अक्षर पटलं नाही. मग तिने त्यांचं उजवं बोट ताटाच्या काठावर ठेवलं. काठ सोडू नका, डावीकडे जात राहा, मानही बोटामागे वळू द्या, एवढंच सांगितलं.

बोट सरकत गेलं आणि मिठात रुतलं.

त्यांनी ते जिभेला लावलं. मीठच होतं. रोज वाढलेलं असणार आणि रोज तसंच उचललं जात असणार. मालोजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"व्याही, चूक माजी हाय," ते हळूच म्हणाले. "पोरगी कुठं गेली? बोलवा तिला."

"मी हितंच हाय, मामा. मगापासनं."

आवाज डाव्या खांद्याजवळून आला. आत्ताच शिकवलं होतं तशी त्यांनी मान वळवायला घेतली. खिडकी आली, भिंत आली, मग हिरव्या बांगड्यांचा हात आला. त्यांचा लुळा हात ताटात पडू नये म्हणून तिने तो आपल्या हातात धरून ठेवला होता.

मालोजींनी डब्याचं झाकण तिच्यापुढे सरकवलं. ताटातलं चिमूटभर मीठ उचललं, काठाकाठाने बोट नेलं आणि झाकणाच्या डाव्या बाजूला वाढलं.