बदली न्यायाधीशाचा न झालेला हुकूम

गुरुवारी सकाळी डनमोर काउंटीच्या बाल न्यायालयाने बारा वर्षांच्या डेला ऑकरमनला आईच्या दफनासाठी कोठडीतून सोडलं. बदली न्यायाधीश वर्ना हॉलस्ट्रम यांनी भर कोर्टात हुकूम दिला, पोरीच्या अंगावरची साखळी निघाली आणि ती मावशीच्या गाडीत बसून गेली.

असं काहीही घडलेलं नाही. वाचकांनीही घडलं नाही असंच धरून चालावं; डनमोरमध्ये सगळे तसंच धरून चालतात आणि सुखाने जेवतात.

त्या दिवशी घडलं ते नेहमीचंच. पानगळ आली, हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडला आणि न्यायाधीश कॉबल बंदूक घेऊन डोंगरातल्या एका झाडावर जाऊन बसले. दरसाल बसतात. अशा वेळी गावातला एखादा वकील बदली म्हणून खुर्चीत बसवायचा, अशी रीत आहे. त्याला पगार नाही. सावलीतली गाडी लावायची जागा तेवढी मिळते. वर्नाबाई एरवी लोकांची मृत्युपत्रं लिहायच्या. कॉबलसाहेबांनी त्यांना जाताना कानमंत्र दिला होता, "खुर्ची ऊबदार ठेवा. निकालबिकाल देऊ नका. तारखा द्या, पोरं कुठे पळून जातात?"

बदली न्यायाधीश चालवायचा तर दोन्ही बाजूंची संमती लागते. म्हणून कारकूनबाई रोज सकाळी विचारते, "चालेल ना?" आणि सगळे माना डोलावतात. आजवर कुणी हरकत घेतली नव्हती. बुजगावण्याला कोण हरकत घेतं? त्या सकाळीही सरकारी वकील पर्डी यांनी मान डोलावली. त्यांच्या तोंडात तेव्हा जाम भरलेला डोनट होता.

मग बर्ल नावाचा कोर्टातला पोलीस डेलाला घेऊन आला. पायांत बेडी, कमरेला साखळी. साखळी मोठ्या माणसांच्या मापाची असल्यामुळे तिचे दोन वेढे घातले होते.

"हिने केलंय काय?" वर्नाबाईंनी विचारलं.

"शाळेच्या उपमुख्याध्यापकांवर हल्ला," पर्डी म्हणाले. "चॉकलेट दुधाचा खोका फेकून मारला."

"उघडा होता?"

"अर्धवट, मॅडम. म्हणूनच प्रकरण गंभीर आहे."

"आणि एवढ्यासाठी कोठडी?"

"तेव्हा आई दवाखान्यात होती. घरी सांभाळणारं कुणी नाही, म्हणून कोठडी."

"आई सोमवारी वारली," समोरचा कागद वाचत वर्नाबाई म्हणाल्या.

"तेच म्हणतोय मी," पर्डी समजुतीच्या सुरात म्हणाले. "आता तर घरी कुणीच नाही. म्हणजे कोठडीची गरज वाढली."

मागच्या बाकावरून डेलाची मावशी नेटी ताडकन उठली. कोंबड्यांच्या कारखान्यातून ती सरळ इकडे आली होती. केसांवरची जाळी काढायचीही राहिली होती. "कुणीच नाही? मग मी काय दाराशी पडलेलं पायपुसणं आहे का हो? महिनाभर सांगतेय, पोरीला माझ्याकडे द्या!"

"बाईंच्या घराची तपासणी व्हायची आहे," पर्डी म्हणाले.

"मग करा की! तुमच्या तपासनिसाला वेळ नाही, त्यात माझ्या घराचा काय दोष? तोही झाडावर चढलाय वाटतं?"

"हो," कारकूनबाई म्हणाली. "साहेबांच्या शेजारच्या."

मुलीला सरकारने दिलेला वकील तिथेच उभा होता. त्याला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "हरकत नाही." कशाला हरकत नाही, हे त्याने सांगितलं नाही.

वर्नाबाईंनी मुलीकडे पाहिलं. "डेला, तुला काही सांगायचंय?"

"आज दोन वाजता आईला पुरणार आहेत," डेला म्हणाली. "मला सोडलं नाही तरी चालेल. साखळीत न्या. फक्त मावशीने फ्रॉक आणलाय, तो वरून घालू द्या. म्हणजे आईला साखळी दिसणार नाही."

कानमंत्राप्रमाणे इथे तारीख द्यायची होती. वर्नाबाईंनी समोरचं कॅलेंडर उघडलंसुद्धा. पण जिवंत माणसं मृत्युपत्रात काय काय मागून ठेवतात, ते त्या रोज लिहीत आल्या होत्या. आपल्या दफनाला लेक नसावी, असं आजवर कुणीच लिहून मागितलं नव्हतं. त्यांनी कॅलेंडर मिटलं.

"बेडी काढा. साखळीही काढा. मुलगी मावशीच्या ताब्यात. आत्ता."

"मॅडम, सगळ्याच पोरांना घालतो आम्ही," बर्ल गोंधळून म्हणाला. "भेदभाव करत नाही."

"काढ, बर्ल."

बर्लने काढली. नेटीने पोरीचा दंड धरला आणि कुणाचं मन बदलायच्या आत ती जिना उतरली.

पर्डींनी डोनटचा शेवटचा घास गिळला आणि डोंगरात फोन लावला.

"हळू बोल," पलीकडून न्यायाधीश कॉबल कुजबुजले. "नर आलाय समोर. मोठा आहे."

पर्डींनी कुजबुजत हकिकत सांगितली.

"सोडलं? बदलीने? तू संमती दिलीसच कशी गाढवा?"

"मी मान हलवली, साहेब. पण मी तेव्हा चावत होतो."

"चावत होतास," साहेब म्हणाले. "म्हणजे ती मान संमतीची नव्हती, डोनटची होती. संमती नाही तर बदली नाही. बदली नाही तर हुकूम नाही. हुकूम झालाच नाही. पोरीला परत आणा."

लगेच फोनवर बंदुकीचा बार ऐकू आला. नेम चुकला. त्या दिवशी साहेबांच्या तावडीतून सुटलेला तो एकच जीव.

नेटीने वाटेत गाडी थांबवून डेलाला फ्रॉक घातला, वेणी घातली. दफनभूमीच्या फाटकातून हिरवा मांडव दिसत होता. मांडवाखाली पेटी होती आणि डेलाच्या आईच्या, मार्व्हाच्या, कामाच्या पाळीतल्या बायका झाकलेली भांडी घेऊन उभ्या होत्या. मागून बर्लची गाडी आली. बर्ल उतरला. मयताचा मान म्हणून त्याने आधी टोपी काढली, छातीशी धरली, मान खाली घातली. मग टोपी परत डोक्यावर ठेवून गाडीतून साखळी बाहेर काढली.

"बर्ल, अरे आलोच आहोत," नेटी म्हणाली. "ती बघ पेटी. दहा पावलं आहेत रे. तूही चल बरोबर. तुझ्या पोरीसोबत शाळेत असते ना ही?"

"हो ताई, बाकाला बाक लागून," बर्ल म्हणाला. त्याचे डोळे खरंच भरून आले होते. "पण हुकूमच नाहीये."

दोन वेढे फ्रॉकवरून घातले गेले. डेला ओरडली नाही. गाडीत बसताना तिने एवढंच विचारलं, "मी आले होते, हे आईला कोण सांगेल?"

दुपारी कायद्याने उरलेलं काम पुरं केलं. सुटकेचा हुकूम झालाच नव्हता; मग मुलगी कोर्टाबाहेर गेली कशी? पळून गेली असणार. दुधाच्या खोक्याच्या गुन्ह्याला कोठडीतून पलायनाचा गुन्हा जोडला गेला. तिला पळवून नेल्याबद्दल नेटीवर दुसरा गुन्हा झाला, आणि आता ती गुन्हेगार असल्यामुळे तिच्या घराच्या तपासणीचं कारण उरलं नाही. पर्डींनी संध्याकाळी नेटीच्या दारात सांत्वनाची फुलं ठेवली.

पोरांना साखळ्या घालणारी माणसं राक्षस असतील, असं आपल्याला वाटतं. तसं असतं तर बरं झालं असतं. राक्षस ओळखू येतात. डनमोरमध्ये सगळी भली माणसं आहेत. ती मयताला टोपी काढतात, दुःखात फुलं आणतात आणि पोराचा प्रश्न आला की "हरकत नाही" म्हणतात. साखळी लोखंडाची असते, हा आपला गैरसमज आहे. तुम्ही शेवटची मान कशाला डोलावली होती, ते आठवून पाहा. तोंडात काय होतं, तेही.

वर्नाबाईंना बदली न्यायाधीशांच्या यादीतून कायमचं वगळण्यात आलं. घरी जाऊन त्यांनी अर्ज लिहिला. सोमवारी कॉबलसाहेब डोंगरातून परतले, तेव्हा तो त्यांच्या टेबलावर होता:

"माननीय न्यायालयास नम्र विनंती की, ज्या न्यायाने गुरुवारचा सुटकेचा हुकूम झालाच नाही असे मानण्यात आले, त्याच न्यायाने त्याच दिवशीचे कै. मार्व्हा ऑकरमन यांचे दफनही झालेच नाही असे मानण्यात यावे. सदर दफन कु. डेला हिची सुटका होईपर्यंत तहकूब करण्यात यावे. आणि तोपर्यंत थांबून राहण्याबाबत मयतास न्यायालयामार्फत रीतसर कळवण्यात यावे."