कागदी पुड्यातला चिवडा

गडहिंग्लजच्या दुकानदारानं पुडा फोडला आणि चिमूटभर चिवडा मृत्युंजयच्या तळहातावर ठेवला. "तुमीच खाऊन सांगा, मालक."

मृत्युंजयनं चावून पाहिला. पोहे वातड झाले होते. त्यानं सगळा माल टेम्पोत परत चढवला.

शाहूपुरीतला हा चिवड्याचा कारखाना त्याच्या वडिलांनी, नागाप्पांनी उभा केलेला. गेल्या दिवाळीनंतर तो घरच्या मंडळींना घेऊन मालवणला गेला होता. किनाऱ्यावर कोळ्यांनी जाळं ओढलं, त्यात मासळीपेक्षा प्लास्टिकच जास्त होतं. मधेच 'नागाप्पा चिवडा' लिहिलेल्या पिशव्या. अक्षरंसुद्धा पुसली नव्हती. मासळी निवडणारी बाई चिडली नाही, सवयीनं एकेक पिशवी बाजूला टाकत राहिली. मृत्युंजयला तेच जास्त लागलं.

परतल्यावर त्यानं पिशव्यांचं मशीन बंद केलं आणि कागदी पुडे आणले. व्यापाऱ्यांच्या बैठकीत उभं राहून, सगळ्यांनी मिळून हे करूया, म्हणून विनवलं. टाळ्या भरपूर पडल्या. केलं कुणीच नाही.

उन्हाळा निभावला. पावसाळी दमट हवेत कागद टिकेना. गावोगावचा माल परत येऊ लागला आणि दुकानांत त्याच्या जागी दुसऱ्यांच्या चकचकीत पिशव्या लटकल्या. माणसं कमी करावी लागली. नागाप्पांच्या वेळेपासून पोहे तळणाऱ्या अंबूबाईला त्यानं मान खाली घालूनच सांगितलं. तिनं पदराला हात पुसले.

"माझं काय चुकलं, मालक?"

त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. बायको दानेश्वरी ताटाशी बसून होती.

"समुद्र काय तुमी एकट्यानं घाण केलाय व्हय?"

"न्हाय."

"मग एकट्यानं साफ हुनार हाय का?"

श्रावणात मशीन पुन्हा सुरू झालं. अंबूबाई निरोप मिळताच ठेवणीतलं लुगडं नेसून आली. तिनं मशीनला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. सगळ्यांनी हात जोडले. मृत्युंजयनंही जोडले.

पहिली पिशवी टम्म फुगून खाली पडली. तिच्यामागून दुसरी, तिसरी.

"आता काय काळजी न्हाय, मालक," अंबूबाई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

"व्हय," म्हणत तो तिच्याशेजारी खोकी भरायला बसला.