टेम्वाचे वजन

मी एक जुना वजनकाटा आहे. मित्रांनो, दुकानात असतो तसला तराजू मी नव्हे. माझे तोंड घड्याळासारखे गोल आहे. वर एक कडी आणि खाली एक आकडा. त्या आकड्याला कापडी चड्डी अडकवतात, चड्डीत बाळाला बसवतात आणि बाळ हवेत लोंबकळत भोकाड पसरते. मग माझा काटा सरकतो आणि एका जागी थांबतो. जिथे थांबतो, तेवढेच मी सांगतो. कमी नाही, जास्त नाही. आयुष्यभर मी हे एकच काम केले आणि त्यापायीच मला खोटारडा ठरवले गेले. तो राग अजून गेलेला नाही. तुम्हाला सांगितल्याशिवाय जायचाही नाही.

माझा जन्म एका दूरच्या कारखान्यात झाला. माझी स्प्रिंग एका बाईने पुन्हापुन्हा ताणून पाहिली होती. समाधान झाल्यावरच तिने माझ्यावर काच बसवली. मग खोका, जहाज, मालमोटार, आणि शेवटी आरोग्यसेवक म्हांगो यांच्या सायकलची पिशवी. त्या पिशवीतून मी चिवुंडा गावात आलो. तळ्याकडे तोंड करून उभे असलेले पत्र्याचे चर्च, त्याचा व्हरांडा आणि व्हरांड्याची मजबूत तुळई, हे माझे घर झाले. महिन्यातून एकदा मला तुळईला टांगत. एरवी मी आतल्या अडगळीच्या खोलीत ढोलांच्या शेजारी पडून असे. खोलीचे दार नीट लागत नसे, त्यामुळे रविवारची उपासना मला सगळी ऐकू येई.

वजनाच्या दिवशी आया आधी एक गीत म्हणत आणि मग रांग लागे. माझ्यासमोर आलेली प्रत्येक आई, काटा हलत असताना, ओठांतल्या ओठांत काहीतरी बोले. "देवा, एवढ्या वेळी." बस, एवढेच. डोळे उघडे, हात बाळाच्या पायाखाली धरलेले, आणि जीव माझ्या काट्यावर. मोठमोठ्या आवाजातल्या लांबलचक प्रार्थना मी दाराच्या फटीतून पुष्कळ ऐकल्या आहेत. पण या तीन शब्दांसारखी प्रार्थना मी दुसरी ऐकली नाही. भीतीने थरथरत असतानाच त्या बायका देवाचा हात घट्ट धरत होत्या. हे मी इतक्या जवळून पाहिले आहे की त्याविषयी मला कुणी शिकवू नये.

म्हांगो मला जपत. काम झाले की शर्टाच्या टोकाने माझी काच पुसत. पण सगळेच तसे नव्हते. एका नाताळला चर्चच्या मंडळीचे पंच कावोंगा यांनी मला न विचारता, म्हणजे म्हांगोंना न विचारता, बाहेर काढले आणि माझ्या आकड्याला अर्धे डुक्कर टांगले. माझ्या आकड्याला! जिथे दुधाचा वास असलेली लेकरे बसत, तिथे रक्त गळणारे मांस! म्हांगो सायकलवरून उतरले ते ओरडतच.

"अहो पंच, लेकरांचा काटा आहे हा!"

"असू दे की," कावोंगा म्हणाले. "डुक्करही कुणाचं तरी लेकरूच असतं."

सगळे हसले. म्हांगोंनी मला साबणाने धुतले. माझी स्प्रिंग शाबूत होती. पण गावात बोलणे सुरू झाले ते झालेच, "काटा बिघडलाय, त्याने डुक्कर खाल्लंय."

आता टेम्वाची गोष्ट सांगतो.

टेम्वा ही तिवोंगेची मुलगी. तिवोंगे अगदी तरुण. नवरा दूर दक्षिणेला खाणीत कामाला, आणि घरात सासू. ही सासू मसिस्का घराण्याची लेक, म्हणून सगळे तिला न्यामसिस्का म्हणत. ती चर्चच्या स्त्रीसंघाची पुढारी होती. गाणे तिने सुरू केल्याशिवाय कुणी तोंड उघडत नसे. तिवोंगेचे पहिले मूल आधीच गेले होते. टेम्वा दुसरी. चांगली गुटगुटीत होती. माझ्यावर बसली की रडण्याऐवजी माझ्या काचेला चापट्या मारायची.

मग एका महिन्यात माझा काटा मागच्या वेळेपेक्षा अलीकडेच थांबला. पुढच्या महिन्यात आणखी अलीकडे. टेम्वा काचेकडे बघतही नव्हती. मान कलंडलेली, छातीत घरघर.

"मोठ्या इस्पितळात न्यायला हवं," म्हांगो म्हणाले. "टेकडीपलीकडे. याच आठवड्यात. नुसती पेज पाजून हे भागणार नाही."

तिवोंगेने सासूकडे पाहिले. न्यामसिस्काने माझ्याकडे पाहिले.

"या काट्याचं काय ऐकताय?" ती म्हणाली. "डुक्कर टांगून टांगून ढिला झालाय तो."

म्हांगोंनी पिशवीतून साखरेचे बंद पाकीट काढले आणि माझ्या आकड्याला अडकवले. माझा काटा पाकिटावर छापलेल्या वजनावर जाऊन नेमका उभा राहिला. रांगेतल्या बायका पुढे झुकून बघू लागल्या. मला वाटले, चला, आता तरी माझे ऐकतील.

पण नाही. काटा खरा निघाला, तर आता चूक कुणाच्या तरी माथी मारायलाच हवी होती. व्हरांड्याच्या पायरीवर बसलेले कावोंगा उठले. "काटा खरा असेल," ते म्हणाले, "पण पोरी, तू दर महिन्याला इथे थरथरत येतेस, ते मी बघतो. भीती आली की विश्वास बाहेर पडतो. तू घाबरतेस, म्हणून पोर वाळतंय."

मित्रांनो, मी लोखंडाचा आहे. तरी त्या क्षणी मला वाटले की तुळईवरून निसटून त्यांच्या पायावर पडावे.

आजारी लेकराच्या आईला हे बोलायचे? लेकरू छातीच्या दुखण्याने वाळत होते. आईच्या भीतीने नव्हे! आणि हे बोलले कोण, तर स्वतःची दाढ दुखली तेव्हा दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने शहर गाठणारा माणूस! पण तेव्हा कुणी त्यांना आठवण करून दिली नाही. तिवोंगेने खाली मान घालून टेम्वाला पाठीशी बांधले आणि ती सासूमागोमाग निघून गेली. इस्पितळात कुणी गेले नाही. घरी संघाच्या बायका जमल्या, गाणी झाली, प्रार्थना झाल्या. त्या प्रार्थनांवर माझा राग नाही. त्या बायकांनी मनापासून केल्या, पेजेला स्वतःच्या घरचे पीठ आणले. माझा राग पुढे जे झाले त्यावर आहे.

रविवारी भर उपासनेत न्यामसिस्का उभी राहिली. मी दाराच्या फटीतून बघत होतो. अंगात संघाचा पांढराशुभ्र झगा, ताठ मान. "माझी नात बरी झालीय," तिने जाहीर केले. "विश्वासाने बरी झालीय. सूनबाई, ये पुढे. सांग सगळ्यांना."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ढोलवाल्याने थाप दिली. तिवोंगे पुढे आली, टेम्वा तिच्या पाठीवर. टाळ्या थांबल्या तरी ती बोलेना.

"बोल की," न्यामसिस्का पुटपुटली.

"आई, पोर बरी नाहीये," तिवोंगे म्हणाली. "काल रात्रीपासून पाणीसुद्धा गिळत नाही. देवाच्या घरात मला खोटं बोलायला लावू नका."

बाकाबाकांवर कुजबुज सुरू झाली.

"बस खाली, पोरी," कावोंगा म्हणाले. "ही तुझी भीती बोलतेय."

"हो काका, भीतीच बोलतेय. मला भीती वाटते. पहिलं लेकरू गेलं तेव्हाही वाटत होती, पण तुम्ही सगळे म्हणालात, घाबरू नको, म्हणून मी तोंड शिवून बसले. आता नाही बसणार." तिचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. "विश्वास नसता तर मी इथे कशाला आले असते? घाबरलेलं लेकरू आईकडेच पळतं ना? मग मी माझी भीती देवाकडे नाही न्यायची तर कुठे न्यायची? तुमच्याकडे?"

मागच्या बाकावरून कुणीतरी "आमेन" म्हणाले. कोण म्हणाले ते मला दिसले नाही.

तिवोंगेने तिथेच डोळे मिटले. "देवा," ती म्हणाली, "ही जगेल की नाही, मला माहीत नाही. तू काय करणार आहेस, तेही कळत नाही. पण तू आहेस, एवढं धरून मी निघालेय. रस्त्यात सोडू नकोस." आणि ती मधल्या वाटेने चालत सरळ दाराबाहेर गेली. टेकडीपलीकडची वाट उन्हाची होती, सोबत कुणी नव्हते.

"माझ्या घराची लाज काढलीन!" न्यामसिस्का बाकावर बसत म्हणाली. "चार माणसांत!"

कावोंगांनी घाईने गीत सुरू केले. पण ते गीत न्यामसिस्काशिवाय सुरू झाल्यामुळे नीट उठेना. एक इकडे, एक तिकडे. आणि तेवढ्यात माझ्या खोलीचे दार करकरले. न्यामसिस्का आत आली होती. दार ओढून घेऊन ती ढोलांना टेकून उभी राहिली. तिची ताठ मान मी पहिल्यांदाच वाकलेली पाहिली. मला वाटले, रागाने थरथरतेय. नाही, मित्रांनो. तिचे हात तसेच थरथरत होते, जसे माझ्यासमोर उभ्या राहणाऱ्या आयांचे थरथरतात.

"देवा," ती म्हणाली, "मीच जास्त घाबरलेय रे. सुनेपेक्षा मीच. म्हणून मोठ्याने गात होते." मग कोपऱ्यातली संघाची मोठी काळी छत्री तिने ओढली. "पुढचं मला काही दिसत नाही. पाय चालत नाहीत. तरी निघते. तू बघ."

खोलीच्या खिडकीतून मला टेकडीची वाट दिसत होती. तिवोंगे चढणीला लागली होती. मागून न्यामसिस्का, छत्री उघडत, धापा टाकत, हाका मारत.

"अगं थांब! या उन्हात पोराच्या डोक्यावर सावली कोण धरणार? तुझा तो दक्षिणेतला नवरा?"

तिवोंगे थांबली. मागे वळून तिने सासूकडे पाहिले आणि मग दोघी एका छत्रीखाली चढू लागल्या. वळणापाशी त्या दिसेनाशा झाल्या.

पुढचे मला म्हांगोंच्या तोंडून कळले. टेम्वाच्या छातीत जुना आजार मुरला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी चार दिवस उशीर झाला असता तर हातात काही उरले नसते. कित्येक दिवस सासू-सुना इस्पितळाच्या व्हरांड्यात चुलीवर न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, शिजवून खात राहिल्या. पोर जगेल असे कुणी त्यांना छातीठोकपणे सांगितले नाही. रोज सकाळी त्या प्रार्थना करत, आणि रोज सकाळी त्यांना भीतीही वाटे. दोन्ही एकाच वेळी. आणि टेम्वा जगली.

त्या परत आल्या तो रविवार माझ्या कानात आहे. कावोंगा पंच हात वर करून उभे राहिले. "बघा!" ते म्हणाले. "आपल्या मंडळीच्या विश्वासाने हे लेकरू वाचलं! भीतीवर विश्वासाचा विजय झाला!"

मी पुन्हा संतापलो. विजय? आणि कुणाच्या विश्वासाचा? पण मला तोंड नाही, नुसता काटा आहे. बरे झाले, न्यामसिस्काला तोंड होते.

"पंच, जरा थांबा," ती जागेवरूनच म्हणाली. "देवाचे आभार मानायचेच आहेत. मी रोज मानते. पण त्या दिवशी देवाने माझ्या या सुनेच्या पायांत बळ घातलं आणि तुम्ही नि मी वाट अडवून उभे होतो. तेही येऊ द्या प्रार्थनेत. नाहीतर आज मी गाणं सुरू करणार नाही."

कावोंगा खोकले. त्यांनी पुस्तकाची पाने उलटली, मंडळीकडे पाहिले. सगळी मंडळी त्यांच्याकडे पाहत होती. शेवटी ते खालच्या आवाजात म्हणाले, "देवा, आम्ही वाट अडवली. क्षमा कर." त्यानंतर न्यामसिस्काने गाणे सुरू केले, आणि ते सगळ्यांनी उचलले.

मित्रांनो, आता माझ्या कडीला गंज चढला आहे. माझ्या जागी बॅटरीवर चालणारा नवा काटा आला आहे, आणि महिनोन्महिने माझ्याकडे कुणी फिरकत नाही. त्याचे मला फार दुःख नाही. फक्त एवढे मागतो. तुमच्या शेजारी प्रार्थनेला बसलेले एखादे माणूस भीतीने थरथरताना दिसले, तर त्याच्या विश्वासाचे माप काढू नका. ते काम तुमचे नाही. माझ्यासारख्या वजनकाट्यालाही ते जमलेले नाही. त्याच्या जवळ सरकून बसा. आणि ते उठून वाटेला लागले, तर मागे बसून गाऊ नका, त्याच्याबरोबर चालायला लागा.