गोळ्या थांबवताना

“सहा गोळ्या बंद? मग सरळ सांगा ना, हात टेकले म्हणून!”

मी वॉर्डात ओरडत होते. डॉक्टरीणबाई माझ्याहून वयाने लहान. आईच्या औषधांचा तक्ता हातात घेऊन शांतपणे उभ्या होत्या. आई पलंगावरून मला मावशी समजून हसत होती.

“ताई, रक्तदाबाच्या गोळीने पाय सुजले, म्हणून सुजेची दिली. तिने सारखी लघवी, म्हणून तिसरी. त्या तिसरीने हा भ्रम. उरलेल्या तिन्हींचा आता उपयोग नाही. कर्करोग पोटात आहे, डोक्यात नाही.”

“हे कोणी ठरवलं?”

“यांनीच,” त्यांनी आईकडे बोट दाखवलं आणि एक पुस्तिका माझ्या हातात दिली.

आई तीस वर्षं याच रुग्णालयाच्या औषध विभागात होती. औषध कसं लिहावं, कधी थांबवावं, याच्या सूचना डॉक्टरांसाठी तिने तयार केल्या. शेकडो वृद्ध रुग्णांचे कागद तपासल्याशिवाय ती त्यात एक ओळ घालू देत नसे. “तुम्हाला वाटतं, हा पुरावा नव्हे,” असं मोठमोठ्या डॉक्टरांना ऐकवायची, घरी बाबांनाही. पुस्तिकेच्या चौदाव्या कलमात लिहिलं होतं: गोळ्या थांबवताना नातेवाइकांना कळवावे.

गोळ्या थांबल्या. सहाव्या दिवशी आईने मला नावाने हाक मारली.

“वॉर्डात तमाशा केलास म्हणे? शेजारच्या आजींनी नक्कल करून दाखवली.”

“ते तू लिहिलंयस हे मला काय माहीत!”

“माहीत असतं तरी ओरडली असतीस.” मग पुस्तिका चाळत म्हणाली, “पण चूक माझीच. नुसतं कळवून काय होतं? बसवून सांगावं, विचारू द्यावं.”

“लगेच बदलू या, मॅडम,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“एका मुलीवरून? वीस घरांना विचारा. आणि हिला त्यात धरू नका, ती माझी आहे.”

पुढे आम्हाला पाच आठवडे मिळाले. आम्ही पत्ते खेळलो, भांडलो, बाबांची यथेच्छ थट्टा केली. त्या दिवसांसाठी कोणाकोणाचे आभार मानू? ज्यांच्यावर ओरडले त्या डॉक्टरीणबाईंचे. आणि ज्यांचे कागद आईने तपासले, त्या अनोळखी म्हाताऱ्यांचेही.

ती गेल्यावर महिन्याने डॉक्टरीणबाईंनी मला बोलावून फाइल दाखवली. वीस घरांना विचारून झालं होतं, कलम बदललं होतं. शेवटी एक निराळा कागद टाचलेला होता. अक्षर आईचं, थरथरतं:

‘मुलगी ओरडली. तिला कोणी बसवलं नव्हतं. विसांत मोजू नये. वाचावे.’